अर्धा चित्रपट मालवणात, अर्धा लंडनमध्ये: परदेशी शूटिंगचा फायदा नेमका कुठे मिळतो?

प्रश्न: पडदावेडा

एका मराठी चित्रपटाची जुळवाजुळव चालू आहे. बजेट साडेतीन कोटी, पटकथा ९६ पानं, सिंक साउंड (आवाज शूटिंगच्या वेळीच घेतलेला). गोष्ट अशी: मालवणजवळच्या गावातला वयस्क दशावतारी कलावंत लंडनमध्ये राहणाऱ्या मुलीकडे तीन महिन्यांसाठी जातो आणि परत येतो. लंडनची पानं ३८. त्यातली २४ मुलीच्या घराच्या आतली, १४ बाहेरची: रस्ता, बाग, बसथांबा, नातीची शाळा. नात आठ वर्षांची आहे.

आमच्यात तीन मतं आहेत. एक, लंडनचं सगळं लंडनमध्येच करावं, कारण तिथे खर्चाचे ३४ टक्के परत मिळतात म्हणे. दोन, बाहेरचं लंडनला आणि घर मुंबईत सेट लावून. तीन, लंडनला जायचंच नाही. हंगेरीत ३० टक्के परतावा आहे, तिथेच लंडन उभं करावं. मालवणबद्दलही एक जण म्हणतो की इतक्या लांब कशाला, अलिबागला उरकू.

वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन शूटिंग करण्याचा खरा फायदा कशात आहे आणि तो पदरात पाडून घ्यायला काय करावं लागतं? मोसम, माणसं, परवाने, कॅमेरा, जे सांगता येईल ते सांगा.

उत्तर १: हिशेबनीस

आधी त्या ३४ टक्क्यांचं बघू, कारण तुमचा निर्णय त्यावर टेकलेला दिसतोय आणि तो टेकू कच्चा आहे.

ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२४ पासून नवी सवलत लागू झाली. चित्रपटासाठी दर ३४ टक्के, पण ती रक्कम करपात्र आहे. २५ टक्के कंपनी कर वजा जाता हातात २५.५ टक्के येतात. तेही सगळ्या खर्चावर नाही. पूर्वतयारी, चित्रीकरण आणि नंतरचं काम एवढाच मूळ खर्च धरतात, जाहिरात आणि वितरण धरत नाहीत. आणि पैसे हिशेबाचं वर्ष संपून कंपनीचं कर विवरण गेल्यावर येतात. म्हणजे शूटिंगच्या वेळी ते तुमच्या खिशात नसतात. त्यावर कर्ज काढलं तर व्याज आलं.

खरी अडचण पुढे आहे. ही सवलत तिथल्या लाइन प्रोड्युसरच्या (शूटिंगची स्थानिक व्यवस्था करून देणाऱ्याच्या) बिलावर मिळत नाही. चित्रपटाची निर्माती कंपनीच ब्रिटनमध्ये कर भरणारी हवी. तीही तयारीपासून शेवटच्या प्रतीपर्यंत चित्रपटाची जबाबदारी घेणारी, आणि एका चित्रपटाला अशी एकच. भारतीय कंपनीने पैसे लावले, तिथे कुणाला तरी बारा दिवसांचं काम दिलं, तर परतावा शून्य. गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. तिथला माणूस कोटेशनमध्ये 'सवलत वजा जाता' असं लिहितो आणि इथला निर्माता ते बजेटात धरून बसतो.

कंपनी काढली तरी चित्रपट 'ब्रिटिश' ठरावा लागतो. त्याची सांस्कृतिक चाचणी ३५ गुणांची असते, उत्तीर्ण व्हायला १८ लागतात. संवादांच्या भाषेला ६ गुण आहेत, त्यातला मराठीला एकही नाही. दिग्दर्शक, लेखक, छायाचित्रकार, कलाकार वगैरेंना मिळून ८. तुमची मंडळी इथली, म्हणजे तेही जवळपास गेले. उरलेल्या २१ मधून १८ काढायचे, आणि कथेचा मोठा भाग मालवणात. होणार नाही.

दुसरी वाट अधिकृत सहनिर्मितीची. भारत-ब्रिटन करारावर २००५ साली सह्या झाल्या आणि तो २००८ पासून लागू आहे. त्या वाटेने गेलं तर ही चाचणी लागत नाही आणि चित्रपट दोन्हीकडे आपलाच धरला जातो. शिवाय छोट्या चित्रपटांसाठी ब्रिटनचा ५३ टक्क्यांचा वाढीव दर आहे, कर वजा जाता ३९.७५. त्याला मुख्य लेखक किंवा दिग्दर्शक ब्रिटिश लागतो, नाहीतर अधिकृत सहनिर्मिती. पण सहनिर्मिती म्हणजे तिथला खराखुरा भागीदार. त्याने पैसे आणायचे, त्याची माणसं मोक्याच्या जागी असायची, आणि दोन्ही देशांची मान्यता शूटिंग सुरू व्हायच्या आधी घ्यायची. साडेतीन कोटींच्या चित्रपटात वकील आणि लेखापरीक्षकांचा खर्चच परताव्याचा मोठा घास घेईल. भागीदार आधीच ओळखीचा आणि गोष्टीत मनापासून रस असलेला असेल तरच ही वाट धरा. परताव्यासाठी भागीदार शोधायला निघू नका.

हंगेरीचे ३० टक्के खरे आहेत, पण त्यासाठीही तिथली नोंदणीकृत कंपनी आणि तिथला खर्च लागतो. आणि वाहनं उजवीकडून चालतात. लंडनचा एकही रस्ता तिथे जमणार नाही. घरांच्या खिडक्या, दारं, विजेचे सॉकेट सगळं वेगळं. चौदा पानं बाहेरची असताना हा पर्याय मी कागदावरही ठेवणार नाही.

भारत सरकारचीही एक योजना आहे. २०२२ मध्ये ३० टक्क्यांपासून सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यातल्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात ती ४० टक्के, कमाल ३० कोटी अशी वाढवल्याचं जाहीर झालं. पण ती परदेशी चित्रपट इथे येण्यासाठी आहे. निव्वळ भारतीय चित्रपटाला ती लागू नाही.

तेव्हा परतावा शून्य धरून बजेट करा. लंडनच्या कोटेशनमध्ये २० टक्के व्हॅट धरलाय की नाही ते लेखी विचारा. पौंडाचा दर आजच्यापेक्षा ५ टक्के चढा धरा, आणि लंडनच्या भागाला १५ टक्के वेगळी राखीव रक्कम ठेवा. मालवणला १० पुरते.

उत्तर २: तिरपं ऊन

पैशाचं वर आलंच आहे. मी उजेडाचं सांगतो, कारण परदेशी जाण्यातली न बनवता येणारी गोष्ट तीच.

मालवण १६ अंश अक्षांशावर, लंडन साडेएकावन्न. मेच्या पहिल्या आठवड्यात मालवणला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठावर येते. सकाळी ९ ते दुपारी ४ माणसाचा चेहरा उघड्यावर घेणं म्हणजे बारा बाय बारा फुटांचं स्किमर (ऊन मऊ करणारं ताणलेलं कापड), चार माणसं आणि वाऱ्याशी कुस्ती. लंडनला डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंशांवर असतो. दिवसभर संध्याकाळ. पण दिवसच आठ तासांपेक्षा कमी. जूनमध्ये साडेसोळा तास उजेड, पण दुपारचा सूर्य ६२ अंशांवर, म्हणजे तुमच्या म्हाताऱ्याला 'परकं' वाटणारं ऊन ते नव्हे.

सप्टेंबरचा शेवटचा पंधरवडा घ्या. दिवस बारा तासांचा, दुपारचा सूर्य ३८ अंशांच्या आसपास, पानं पिवळी व्हायला लागलेली. सूर्य तिरका मावळतो, त्यामुळे मावळतीनंतरचा मऊ उजेड आपल्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं जास्त टिकतो. त्यात एक छोटा प्रसंग पूर्ण निघतो. मालवणात तेवढ्या वेळात दोन शॉट.

आता घर. २४ पानं मुंबईत सेट लावूनच करा, माझं मत स्पष्ट आहे. खोलीच्या आत लंडन फक्त खिडकीतून येतं, आणि ते आणता येतं. मात्र हे सांभाळा:

छत ८ फुटांवर ठेवा. आपले सेटवाले सवयीने भिंती १० ते १२ फूट उंच आणि वर उघडं ठेवतात, मग कॅमेरा वर वळवता येत नाही आणि घर घर वाटत नाही. निदान अर्ध्या खोलीला कापडाचं छत करा आणि एक भिंत सुटी ठेवा.

खिडकीखाली रेडिएटर, जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा, स्वयंपाकघरातच वॉशिंग मशीन, सिंकवर गरम-गार पाण्याचे दोन वेगळे नळ. विजेचे सॉकेट चौकोनी तीन पिनांचे, तिकडून पाच-सहा आणा. न्हाणीघरात भिंतीवर बटण नसतं, छतातून दोरी लोंबते. दाराबाहेरच्या जागेत छतावर धुराचा अलार्म असतो. आजोबांनी माशाच्या कालवणाला फोडणी दिली की तो ओरडणार. पटकथेत नसेल तर लेखकाला सांगा. पंखा कुठेही नको.

खिडकीबाहेरचं दृश्य लंडनमध्ये वेगळं चित्रित करून आणा, त्याला प्लेट म्हणतात. जागा आधी ठरवा आणि सेटच्या खिडकीची उंची, लेन्स, कॅमेऱ्याचा कल फुटपट्टीने मोजून लिहून घ्या. पहिल्या मजल्याची खिडकी असेल तर प्लेटही तेवढ्याच उंचीवरून. प्रत्येक प्लेट सलग तीन मिनिटं, ढगाळ, ऊन आणि दिवेलागण अशी तीन वेळची. तिकडे घरांना पातळ जाळीचे पडदे असतात. ते लावले की खिडकीतलं दृश्य थोडं विरतं आणि जोड दिसत नाही. प्लेट आतल्या चेहऱ्यापेक्षा दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उजळ राहू द्या, नाहीतर खिडकी फोटोफ्रेम वाटते.

सेटवर खिडकीतून थेट एचएमआय (उन्हासारखा प्रखर दिवा) मारू नका. आपल्याकडच्या उन्हाची सवय हाताला असते आणि झोत जमिनीवर आपटतो. दिवा लांब, मध्ये उजेड मऊ करणाऱ्या डिफ्यूजनचे दोन थर, आणि जिथे ऊन हवंच तिथे ते समोरच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीवर पोचेल इतकं तिरकं. ३८ अंश म्हणजे जमिनीवर पडलेल्या खिडकीच्या सावलीची लांबी उंचीच्या सव्वापट, हे टेपने मोजता येतं.

फाळके १९१२ साली लंडनला गेले ते कॅमेरा आणि तंत्र घेऊन यायला. राजा हरिश्चंद्र त्यांनी इथेच घडवला. काय तिकडून आणायचं आणि काय इकडे करायचं याची यादी तिकिटं काढायच्या आधी करा.

पडदावेडा

दोघांचे आभार. दुसरा पर्याय धरूनच पुढे जातोय. मग लंडनला किती माणसं, किती दिवस? कॅमेरा इथून न्यावा की तिथे भाड्याने घ्यावा? आणि तिथल्या मराठी मंडळींमधून छोट्या भूमिका भरता येतील का?

उत्तर ३: कॉलशीट

दिवसांचं गणित असं मांडा. बाहेरची १४ पानं, दिवसाला २ पानं, म्हणजे ७ दिवस. प्लेट आणि रिकाम्या जागांच्या शॉट्सना १, पावसाला १. एकूण ९. आधी २ दिवस रेकी (जागांची पाहणी) आणि जेटलॅग, नंतर १ आवराआवर, म्हणजे १२ दिवसांचा मुक्काम. माणसं: तीन मोठे कलाकार, नात आणि तिची पालक, दिग्दर्शक, छायाचित्रकार, फोकस पुलर (कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा), ध्वनिमुद्रक, पहिला सहायक दिग्दर्शक, वेशभूषा-मेकअप मिळून एक, कार्यकारी निर्माता. बारा जण. १४४ माणूस-दिवस. ३८ पानं तिथेच केली असती तर १६ जण आणि २० दिवस, ३२०. घर भाड्याने घेणं वेगळंच. दुप्पटीहून जास्त फरक इथे पडतो.

लाइटमन, ड्रायव्हर, दुसरा फोकस पुलर तिथले घ्या. तिकडची पद्धत १० तास काम अधिक १ तास जेवण, आणि दोन शिफ्टमध्ये ११ तास विश्रांती. रात्री ११ ला पॅकअप करून सकाळी ७ चा कॉल (हजेरीची वेळ) लावता येत नाही. इथल्या सवयीने वेळापत्रक केलं की तिसऱ्या दिवशी ओव्हरटाइमचा आकडा बघून निर्माता हादरतो.

व्हिसा: चित्रपट परदेशात निर्माण झालेला आणि परदेशी पैशाचा असेल, तर त्या परदेशी कंपनीच्या कलाकार-तंत्रज्ञांना नेहमीच्या व्हिजिटर व्हिसावर लोकेशन शूटिंग करता येतं. तुमचं तसंच आहे. अर्जासोबत निर्मिती कंपनीचं पत्र, प्रत्येकाचं काम, तारखा, ठिकाणं आणि खर्च कोण करतंय हे लिहा. 'पर्यटन' लिहून कॅमेऱ्याची पेटी घेऊन उतरू नका. निर्णयाला बोटांचे ठसे दिल्यापासून साधारण तीन आठवडे धरा, गर्दीच्या मोसमात जास्त. आणि बघा, सवलतीसाठी ब्रिटिश कंपनीला निर्माती केलं असतं तर ही सोयच गेली असती. मग प्रत्येकाला प्रायोजकत्वाचा क्रिएटिव्ह वर्कर व्हिसा. व्हिसाशिवाय तीन महिने काम करण्याची जी मुभा ऐकायला मिळते ती ज्यांना व्हिजिटर व्हिसाच लागत नाही अशा देशांच्या नागरिकांना आहे, भारतीयांना नाही.

कॅमेरा: बॉडी आणि लेन्सेस इथून न्या, म्हणजे मालवण, सेट आणि लंडन एकाच काचेतून दिसेल. ट्रायपॉड, दिवे, स्टँड तिथे घ्या. नेण्यासाठी एटीए कार्नेट लागतं, म्हणजे सामान शुल्क न भरता तात्पुरतं नेऊन परत आणायचा कस्टमचा कागद. भारतात ते फिक्की ही उद्योगांची संघटना देते, मुदत एक वर्ष. प्रत्येक नगाचा सिरियल नंबर, वजन, किंमत. चार शिक्के लागतात: मुंबईहून बाहेर, लंडनला आत, लंडनहून बाहेर, मुंबईला आत. मुंबईत सामान चेक-इन करायच्या आधी कस्टमकडे जायचं. एकदा पेटी पट्ट्यावर गेली की शिक्का मिळत नाही. लंडन सोडताना घाईत शिक्का राहिला, तर माल तिथेच विकला असं धरून शुल्क मागतात. ऐन वेळी लेन्स बदलली आणि नंबर जुळला नाही की पूर्ण पेटी अडते. टेप, बॅटरी सेल अशा वापरून संपणाऱ्या वस्तू कार्नेटात घालू नका.

लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात, टोकांना टेप लावून. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडत नाही, १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची परवानगी आणि माणशी दोन, त्यावर प्रवासी विमानात बंदी. म्हणून ९८ वॉट-तासांच्याच व्ही-माउंट (कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या) न्या आणि सगळ्यांच्या बॅगांत वाटा. छायाचित्रकाराच्या एका बॅगेत बारा ठेवू नका.

तिथे भाड्याने घेतलेल्या मॉनिटर-रेकॉर्डरचा प्रोजेक्ट रेट (सेकंदाला किती फ्रेम) बहुतेकदा २५ वर असतो, तुम्ही २४ वर. ध्वनिमुद्रकाचा टाइमकोडही (चित्र आणि आवाज जुळवणारी वेळेची खूण) तपासा. पहिल्या दिवशी पहिल्या क्लॅपच्या आधी. विजेची वारंवारता दोन्हीकडे ५० हर्ट्झ, त्यामुळे २४ फ्रेमला शटर १७२.८ अंशांवर ठेवलं की ट्यूबलाइट आणि दुकानांचे दिवे लुकलुकत नाहीत. हेच अमेरिकेत असतं तर १४४ अंश.

परवाने बरोवार (लंडनच्या प्रशासकीय विभागांप्रमाणे) मिळतात, अख्ख्या लंडनचा एक परवाना नसतो. राजघराण्याच्या मोठ्या बागा रॉयल पार्क्स या संस्थेकडे, ट्रॅफल्गर चौक महापौरांच्या कार्यालयाकडे, बस-भुयारी रेल्वे वाहतूक खात्याकडे. त्यांचं लाल गोल चिन्ह नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे. मागे ओझरतं दिसणं वेगळं, प्रसंगच त्याखाली लावला तर परवानगी काढा. सार्वजनिक दायित्व विमा ५० लाख ते १ कोटी पौंडांचा मागतात. तुमची शाळा, बसथांबा, बाग आणि मुलीची गल्ली एकाच बरोमध्ये शोधा. एक परवाना, एक विमा, चालत जाण्याचं अंतर. नऊ दिवसांतला एक दिवस यातच वाचतो. प्रसिद्ध ठिकाणांच्या मागे लागू नका. गोष्टीतल्या माणसाला मुलीच्या गल्लीतून दूध आणायचं आहे.

रशेस (रोजचं कच्चं चित्रण): यूएचडी, प्रोरेस ४२२ एचक्यू प्रकारची फाइल, २४ फ्रेमला तासाला साधारण ३२० जीबी. रोज दोन तास धरले तर नऊ दिवसांत सहा टीबीच्या आत. दोन प्रती, दोन वेगळ्या माणसांच्या हातातल्या बॅगेत, शक्य तर वेगळ्या विमानाने. हलक्या प्रती रोज रात्री मुंबईला चढवा. सप्टेंबरात लंडन साडेचार तास मागे असतं. मुंबईतला सहायक संकलक सकाळी ८ ला बसला तर तुमच्या ८ च्या कॉलपर्यंत त्याच्याकडे साडेबारा वाजलेले असतात. फोकस चुकला असेल तर ते तुम्हाला पहिल्या शॉटच्या आधी कळतं.

उत्तर ४: नियमावली

मराठी मंडळींबद्दल एक धोका. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, स्वतःची वास्तू आहे, माणसं भेटतील. पण स्टुडंट व्हिसावरच्या मुलांना घेऊ नका. त्यांना आठवड्याला २० तास कामाची मुभा असली तरी मनोरंजन क्षेत्रात कलाकार म्हणून काम करायला मनाई आहे. मानधन न देता घेतलं तरी व्हिसा धोक्यात येतो तो त्या मुलाचा. ब्रिटिश नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्यांनाच घ्या, कागद आधी बघा.

नातीसाठी दोन्हीकडचे नियम लागतात. भारतात २०१७ च्या नियमांनुसार मुलाला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि मानधनाचे किमान २० टक्के तिच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ब्रिटनमध्ये स्थानिक कौन्सिलचा परवाना, अर्ज किमान २१ दिवस आधी. शाळेचं पत्र दोन्हीकडे उपयोगी पडतं, ते इथूनच मराठी नव्हे तर इंग्रजीत घेऊन ठेवा.

उत्तर ५: कानोसा

सेटबद्दल वर सगळं आलं, आवाज राहिला. लंडनच्या खोलीत कोकीळ ओरडली की सगळा खर्च वाया. मुंबईत मार्च ते जून ती पहाटे साडेचारला सुरू करते आणि पत्र्याच्या साध्या शेडमधून आरपार ऐकू येते. जोडीला कावळे, रिक्षाचे हॉर्न, दुरून कुकरची शिट्टी. ध्वनिरोधक फ्लोअरच (स्टुडिओतली बंद शेड) घ्या. तो महाग पडला तर दिवस कमी करा, फ्लोअर बदलू नका.

नोव्हेंबर-डिसेंबरात सेट लावा. एप्रिलमध्ये लोकरी स्वेटर घातलेला नट चौथ्या टेकला घामाने भिजतो. एसी चालू ठेवला तर आवाज, बंद केला तर मेकअप. डिसेंबरात तो प्रश्न निम्म्यावर येतो.

लंडनहून आवाज आणा: मुलीच्या गल्लीचा सकाळ, दुपार, रात्रीचा प्रत्येकी पाच मिनिटांचा, बंद खिडकीच्या आतून एक आणि उघड्या खिडकीतून एक. दुहेरी काचेच्या खिडकीआडून बाहेरची बस नुसती घुमते, वरचा आवाज गाळला जातो. हे मिक्सिंगमध्ये बनवता येतं, पण मूळ हाताशी असेल तर तासाभरात होतं. गालिचा खराच घाला. लाकडी फळ्यांच्या सेटवर पावलं ढोलासारखी वाजतात.

उत्तर ६: धयकालो

अलिबागचा विषय संपवू या. अलिबाग उत्तम जागा आहे, पण तुमचा नायक दशावतारी आहे. बोली मालवणी, घर चिऱ्याचं, आणि आसपासची माणसं कॅमेऱ्यापुढे काही न सांगता बरोबर उभी राहतील ती सिंधुदुर्गातच. अलिबागला मुंबईहून कलाकार न्यायचे, त्यांना मालवणी शिकवायची, आणि शेवटी डबिंगला पुन्हा दुरुस्त करायचं. लहान भूमिकांना स्थानिक माणूस मिळाला की हे तिन्ही खर्च नाहीसे होतात. मालवणी ऐकणारा प्रेक्षक हेल एका वाक्यात पकडतो.

दशावतारी मंडळ्यांचा मोसम कार्तिकातल्या जत्रांपासून सुरू होतो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी संपतो. त्या काळात रोज रात्री प्रयोग, पहाटेपर्यंत. कलाकार दिवसा झोपतो. त्याला सकाळी ७ चा कॉल लावला तर येईल, कारण शब्द मोडायचा नाही, पण डोळे तांबडे असतील. मोसमात शूटिंग करायचं तर दुपारी २ नंतर, आणि मंडळीच्या मालकाशी बोलून, नुसतं कलाकाराशी नव्हे. एका राजाची भूमिका करणारा गेला की त्या रात्रीचा प्रयोग अडतो. सलग तारखा हव्या असतील तर जून ते सप्टेंबर. पण मग पाऊस, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. होडीचा प्रसंग त्यात धरू नका.

प्रयोग चित्रित करताना एक लक्षात ठेवा: दशावतारात लिखित संवाद नसतात. आख्यान ठरतं, कुठून कुठे जायचं ते ठरतं, बोलणं तिथल्या तिथे. दुसऱ्या टेकला वाक्य वेगळं येणार, आणि त्यातच त्याचं कसब आहे. 'मघाशी बोललात तेच बोला' म्हटलं की रंग उतरतो. दोन कॅमेरे एकाच वेळी लावा, एक बोलणाऱ्यावर, एक ऐकणाऱ्यावर. हार्मोनियम, मृदंग, झांज यांना वेगळे माइक. झांज बाकी सगळं खाऊन टाकते, म्हणून कलाकाराचा माइक मुकुटाखाली कपाळाशी लपवता येतो का ते बघा. छातीवर दागिने खुळखुळतात. तोंडाचा रंग कलाकार स्वतः लावतो. तुमच्या मेकअपवाल्याने त्यात हात घालू नये, फक्त कंटिन्यूइटीला (पुढच्या शॉटशी जुळवण्यासाठी) फोटो काढावेत. जत्रेतल्या स्वस्त एलईडी माळा शटर १७२.८ अंशांवर ठेवूनही लुकलुकतात, आदल्या रात्री तपासून त्रास देणाऱ्या बदलून घ्या.

घराच्या आत: सारवलेली जमीन आणि काळपट वासे उजेड पिऊन टाकतात. बहुतेक जुन्या घरांत माजघरावर एक काचेचं कौल असतं. तिथून येणारा कवडसा तासाभरात जमिनीवरून भिंतीवर सरकतो. तो प्रसंग खऱ्या उन्हावर सोडू नका. छपराबाहेर मचाण बांधून त्याच कौलातून दिवा सोडा, म्हणजे पाच तास कवडसा एका जागी. कौलं चढताना फुटतात, मालकाला आधी सांगून दोन-तीन डझन मंगलोरी कौलं आणून ठेवा.

सिंधुदुर्ग किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि २०२५ पासून जागतिक वारशातही. तिथे परवानगी वेगळी आणि वेळखाऊ. किनाऱ्यावरून दुरून दाखवला तर भागतं. वाळूत तात्पुरतं काहीही बांधायचं असेल तर किनारा नियमन क्षेत्राची परवानगी विचारा. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून किनाऱ्यावरचा प्रसंग दोन दिवसांत तोडला तर दुसऱ्या दिवशी तेवढा उशिरा कॉल लावा, पाणी तिथेच मिळेल.

एसी गाडीतून कॅमेरा उतरवला की लेन्सवर वाफ धरते, पुसून जात नाही. पेटी अर्धा-पाऊण तास आधी सावलीत उघडून ठेवा. खाऱ्या वाऱ्यात दिवस गेला की रात्री लेन्सच्या पुढच्या फिल्टरवरचा चिकट थर काढल्याशिवाय झोपू नका.

पडदावेडा

मग क्रम असा लावतोय: सप्टेंबरअखेर लंडन, नोव्हेंबरात मालवण, डिसेंबरात मुंबईत सेट. मालवणात कार्तिकातली खरी जत्रा मिळेल आणि लंडनच्या प्लेट सेटच्या आधी हातात असतील. यात काही चुकतंय का?

तिरपं ऊन

एकच. नटाची दाढी आणि केस. आजोबा गोष्टीच्या सुरुवातीला मालवणात, मग लंडन, मग पुन्हा मालवण. तुम्ही शूट करताय लंडन, मालवण, सेट. सप्टेंबरात लंडनला घेतलेल्या दारातल्या शॉटचा आतला अर्धा भाग डिसेंबरात सेटवर येणार. दाराचा रंग, मूठ, पायपुसणं यांचे फोटो मोजमापासह आणा, शक्य असेल तर मूठच विकत घेऊन या. आणि नटाला मधल्या अडीच महिन्यांत दुसऱ्या कामासाठी केस कापू देऊ नका, करारात तारखेसकट लिहून घ्या.

कॉलशीट

नोव्हेंबरात जत्रांच्या तारखा गावोगाव तिथीप्रमाणे वेगळ्या असतात. गाव ठरलं की देवस्थानच्या मानकऱ्यांना भेटून त्या वर्षीची तारीख आधी पक्की करा, मगच बाकीचं वेळापत्रक तिच्याभोवती बांधा. पालखीच्या वेळी कॅमेरा कुठे उभा राहील आणि गाभाऱ्याकडे तोंड करायचं की नाही, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.